सहकाऱ्याने दिलेलं मूसचं मांस: घ्यावं का, पैसे द्यावेत का, बरोबर शिकारीला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेला, ला राँज या गावात राहणारे एक मराठी नर्स. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या क्री (इथला एक मूळ समाज) सहकाऱ्याने परवा घरी येऊन मूसचं बारा-तेरा किलो मांस दिलं. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, आपल्या सांबराहूनही बराच मोठा. पैशांचा विषयसुद्धा त्याने काढला नाही. उलट ‘पुढच्या खेपेला तूही चल’ म्हणाला. आता यांच्या मनात शंका आहेत. हे मांस ठेवणं कायद्यात बसतं का? निदान पेट्रोलचे पैसे तरी द्यावेत का? बरोबर शिकारीला जाता येईल का? सॅस्काटूनमध्ये मित्राचं हॉटेल आहे, त्याला ‘मूस सुक्का’ करून बघायचा आहे, थोडं दिलं तर? आणि शेवटची शंका: बायको शाकाहारी आहे, पुढच्या वेळी नको म्हटलं तर तो दुखावेल का?

मी सॅस्काटूनला वकिली करते. गेली बावीस वर्षं माझ्याकडे येणाऱ्या कामातला मोठा भाग म्हणजे फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ समाजांच्या, शिकारीच्या आणि मासेमारीच्या हक्कांचे खटले. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. भेट म्हणून मिळालेलं मांस घरी खा, त्याची चिठ्ठी जपून ठेवा, त्याबद्दल एक डॉलरही देऊ नका, हॉटेलचा विचार आजच सोडा, आणि शिकारीला गेलात तर बंदुकीला हात लावू नका. यातला प्रत्येक ‘नका’ तुमच्यापेक्षा तुमच्या मित्राला वाचवण्यासाठी आहे. चूक तुमची झाली तरी चौकशी आधी त्याची होते, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

आता कारणं सांगते.

तह म्हटलं की आपल्याला १६६५ चा पुरंदर आठवतो. कोंडीत सापडलेल्या बाजूने २३ किल्ले द्यायचे आणि उरलेलं राज्य वाचवायचं. इथले तह तसे नाहीत, आणि हा फरक मनात पक्का बसल्याशिवाय पुढचं काहीच नीट समजत नाही. १८७१ ते १९२१ या काळात क्राउनच्या, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेच्या, नावाने कॅनडा सरकारने ओळीने अकरा क्रमांकित तह केले. समोरचे समाज लढाईत हरून आलेले नव्हते. १८७६ च्या ऑगस्टमध्ये फोर्ट कार्लटनला तह क्रमांक सहाची बोलणी झाली, तेव्हा समोर मिस्तावासिस आणि आहताहकाकूप हे क्री प्रमुख बसले होते. बायसनचे, म्हणजे इथल्या रानगव्यांचे, कळप संपत आले होते, काही वर्षांपूर्वीच देवीच्या साथीने माणसं गेली होती, आणि पुढच्या पिढीने काय खायचं हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. सरकारतर्फे आलेले अलेक्झांडर मॉरिस तेव्हा काय म्हणाले, त्याची नोंद आहे. मी जे देऊ करतो आहे त्याने तुमची जगण्याची रीत जात नाही, ती आज आहे तशीच पुढेही राहील, आणि माझं देणं हे त्याच्यावरचं आहे, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. तुमच्या ला राँजचे लोक या तहात १८८९ मध्ये सामील झाले.

म्हणजे तुमच्या मित्राचा शिकारीचा हक्क ही सरकारने दिलेली सवलत नाही. तो त्याच्या पूर्वजांचा होताच, आणि जमीन वाटून घेताना त्यांनी तो राखून ठेवला. १९८२ च्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमाने त्याला घटनेचं संरक्षण दिलं. मी इथे सांगते तेव्हा बऱ्याच मराठी मंडळींना हे खटकतं. ‘कायदा सगळ्यांना सारखा हवा ना?’ असं विचारतात. मी त्यांना विचारते, तुमचं घर ज्या जमिनीवर आहे ती क्राउनला कशी मिळाली? याच तहाने. तहाचा एक भाग तुम्ही रोज वापरता, त्या घरात राहून. दुसरा भाग तुमचा मित्र वापरतो, मूस मारून.

भारतातून आलेल्या माणसाचा गोंधळ मी समजू शकते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार म्हणजे गुन्हा, आणि मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना जंगलावरचे पुष्कळ हक्क परत दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढे ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिथे जंगलातला बांबू विकता येतो, शिकार करता येत नाही. सॅस्कॅचेवानमध्ये बरोबर उलटं आहे. तुमचा मित्र वर्षभर शिकार करू शकतो, पण त्यातला एक पुडाही विकू शकत नाही.

हे ‘विकू शकत नाही’ आलं कुठून? तहात तसं लिहिलेलं नाही. १९३० पर्यंत मॅनिटोबा, सॅस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांतली जमीन आणि खनिजं ओटावाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, ताब्यात होती. त्या वर्षी ती प्रांतांना सोपवली गेली, आणि त्या करारात एक परिच्छेद घातला गेला. प्रांताचे शिकारीचे कायदे मूळ रहिवाशांनाही लागू होतील. मात्र अन्नासाठी, वर्षाच्या सर्व ऋतूंत, रिकाम्या क्राउन जमिनीवर आणि जिथे जाण्याचा त्यांना हक्क आहे अशा इतर जमिनीवर शिकार, सापळे आणि मासेमारी करण्याचा त्यांचा हक्क प्रांत मान्य करतो. हा करार ओटावा आणि प्रांतांमध्ये झाला. ज्यांच्या हक्काबद्दल तो होता त्यांना कोणी विचारलं नाही.

त्या एका वाक्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दावर खटले झाले आहेत. ‘रिकामी जमीन’ म्हणजे काय, यावर १९९६ चा बॅजर खटला आहे. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, खासगी जमीन असली म्हणून हक्क आपोआप जात नाही. शिकारीशी न जमणारा वापर तिथे उघड दिसतो का ते पाहा. आरोपी असलेल्या तिघा शिकाऱ्यांपैकी दोघांची शिक्षा कायम राहिली. तिसरा माणूस दलदलीच्या, कोणीही साफ न केलेल्या जागी होता. त्याचा खटला पुन्हा चालवायला सांगितला. १९९९ च्या सन्डाउन खटल्यात मेडो लेक प्रांतीय उद्यानात शिकारीसाठी बांधलेल्या लाकडी खोपटाचा प्रश्न होता. ते खोपटं शिकारीच्या क्री रीतीला धरूनच आहे, म्हणून तेही हक्कात येतं, असं न्यायालयाने ठरवलं. हा मुद्दा लक्षात ठेवा: हक्क म्हणजे नुसती गोळी झाडणं नव्हे. त्या शिकारीच्या पुढे-मागे जे सहज येतं तेही त्यात आहे.

पण ‘अन्नासाठी’ या शब्दावरचा खटला तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. अल्बर्टातले बर्ट हॉर्समन मूसच्या शिकारीला गेले होते. मारलेल्या मूसचं मांस आणायला परतले तेव्हा एक ग्रिझली अस्वल अंगावर आलं. जीव वाचवायला त्यांनी ते मारलं आणि कातडं काढून ठेवलं. वर्षभराने घरात पैशांची चणचण झाली, तेव्हा त्यांनी अस्वलाच्या शिकारीचा परवाना काढला आणि ते जुनं कातडं विकलं. गुन्हा दाखल झाला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९० मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ते दोषी ठरले. बहुमताचं म्हणणं असं, की तह क्रमांक आठमध्ये व्यापारासाठी शिकार करण्याचा जो हक्क होता, तो १९३० च्या करारात अन्नापुरता उरला. मोबदल्यात क्षेत्र वाढलं आणि पद्धतींवरची बंधनं सैल झाली, असाही हिशेब त्यात मांडला आहे. मी तो निकाल दरवर्षी एकदा तरी वाचते, आणि दरवेळी अल्पमताच्या न्यायमूर्तींचं मला जास्त पटतं. पण कायदा बहुमताचा. मैदानी प्रांतांत आज तोच चालतो.

पूर्व किनाऱ्यावर चित्र वेगळं आहे. तिथे १७६०-६१ चे तह आहेत, आणि १९३० चा हा करार तिथे लागूच नाही. डोनाल्ड मार्शल (ज्युनिअर) या मिकमाक या मूळ समाजातल्या माणसाने ४६३ पौंड वाम मासे पकडून ७८७ डॉलर १० सेंटना विकले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं आणि बेताच्या उपजीविकेपुरता विक्रीचा हक्क मान्य केला. अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात तर १९९३ च्या करारानुसार इनुइट लोक स्वतःच्या शिकारीचं मांस विकूही शकतात. त्यामुळे नोव्हा स्कोशियातल्या किंवा उत्तरेतल्या कोणी ‘आमच्याकडे चालतं’ म्हटलं तर ते खरं असेल. पण ला राँजला ते लागू नाही.

आता देण्याबद्दल. अन्नासाठी शिकार म्हणजे फक्त स्वतःच्या ताटापुरती का? मूस एकट्याने खाण्याचा प्राणी नाहीच. मोठा नर चार-पाचशे किलोंचा असतो. क्री समाजात पहिली शिकार मुलगा स्वतः खात नाही, ती वाटून टाकतात. म्हाताऱ्यांना आधी, मग ज्यांच्या घरी शिकारी नाही त्यांना. माझे आजोबा संगमेश्वरकडचे. पूर्वी रानडुकराची शिकार झाली की वाटे कसे घालायचे ते सांगायचे: पानांवर सारखे ढीग, ज्याची गोळी लागली त्याला जास्तीचा, ज्याचा कुत्रा होता त्याचाही एक, आणि आडबाजूला राहणाऱ्या विधवेच्या घरी न विसरता पोचवायचा एक. इथे पहिल्यांदा वाटे पाहिले तेव्हा मला ते सगळं आठवलं.

ते घर एका आजीचं होतं. क्री भाषेत आजीला कोहकोम म्हणतात. स्वयंपाकघराच्या फरशीवर पुठ्ठे अंथरलेले, त्यावर मूसची मागची तंगडी, माझ्या कमरेला लागेल एवढी. आजी गुडघ्यांवर बसून वाळवणासाठी मांस कापत होत्या. एका गोळ्याला कडेने सुरी लावायची आणि गोल फिरवत उलगडत न्यायचं, कापडाचा तागा उलगडावा तसं, की शेवटी हातभर लांब पातळ पट्टा निघतो. उरलेल्या मांसाचे खाकी कागदात पुडे बांधून त्यावर मार्करने नावं टाकत होत्या. मी मोजले: सतरा पुड्यांवर दुसऱ्यांची नावं होती, चारांवर काहीच नव्हतं. ते चार घरचे. सतरांतला एक शाळेतल्या नव्या मास्तरचा होता, तोही तिथला नव्हे. ‘बारीक झालाय,’ एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

तुमचा पुडा हा असा पुडा आहे. आणि त्यामागे एक इतिहासही आहे. ज्या देशाने विक्री बंद केली, त्याच देशाने एकेकाळी देणंही बंद केलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरचा पॉटलॅच, म्हणजे समारंभाने सगळ्यांना वाटून टाकण्याची रीत, १८८५ पासून गुन्हा ठरली. १८९५ मध्ये कायदा आणखी रुंद केला, आणि ज्या समारंभात वस्तू वाटल्या जातात तेही त्यात आले. ही बंदी १९५१ पर्यंत कायद्यात राहिली. आज सत्तरीत असलेल्या माणसांच्या आईवडिलांनी ती भोगली आहे. म्हणून कोणी दारात येऊन तुम्हाला मांस देतो तेव्हा ते ‘फुकट मिळालं’ या खात्यात टाकू नका.

आता व्यवहाराचं. हक्क नसलेल्या माणसाला असं मांस भेट देण्याचे नियम प्रांताप्रांतांत वेगळे आहेत. काही ठिकाणी मर्यादा आहेत, काही ठिकाणी लेखी नोंद लागते, आणि हे नियम बदलतातही. त्यामुळे यंदाची नियमपुस्तिका वाचा आणि जवळच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसला (वन्यप्राण्यांचे नियम बघणारं सरकारी कार्यालय) फोन करून विचारा. फोनवर मित्राचं नाव सांगायची गरज नाही, ‘तहाचा हक्क असलेल्या माणसाने मांस भेट दिलं तर कोणती कागदपत्रं ठेवू’ एवढाच प्रश्न विचारा. मी माझ्या अशिलांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही एकच सवय लावते: चिठ्ठी. देणाऱ्याचं नाव, त्याच्या समाजाचं नाव आणि मूळ समाजाचा सदस्य असल्याच्या सरकारी कार्डाचा क्रमांक, घेणाऱ्याचं नाव, तारीख, कोणता प्राणी, साधारण किती किलो, शिकार कोणत्या भागात झाली, ‘भेट, मोबदला नाही’ असे शब्द, आणि देणाऱ्याची सही. एक प्रत फ्रीजरच्या दारावर चिकटवा, दुसरी त्याच्याकडे. ‘एवढ्याशा गोष्टीला कागद कसा मागू’ असं वाटेल. त्यालाच विचारा. बहुतेक शिकाऱ्यांना हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मांस गाडीतून दुसऱ्या प्रांतात न्यायचं असेल तर आणखी सावध राहा, कारण नियम मोडून मिळवलेलं वन्यप्राण्याचं मांस प्रांताची हद्द ओलांडून नेणं हा वेगळा, केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा आहे.

पैशांचं आता. आपण मध्यमवर्गीय मराठी माणसं, कोणाचं काही फुकट घेतलं की रात्री झोप लागत नाही. ‘निदान पेट्रोलचे तरी घे’ हे आपल्या तोंडून आपोआप निघतं. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक प्रकरण आलं. माझ्या अशिलाने एका ओळखीच्या माणसाला वीस किलो मांस दिलं. तो माणूस सज्जन, त्याने घरी गेल्यावर मोबाइलवरून १५० डॉलर पाठवले आणि निरोपाच्या रकान्यात लिहिलं: ‘मूससाठी, खूप आभार.’ पुढे दुसऱ्याच कुठल्या तक्रारीवरून चौकशी सुरू झाली आणि बँकेच्या नोंदीत ती ओळ सापडली. बंदूक जप्त झाली, फ्रीजर रिकामा केला गेला. आठ महिन्यांनी आरोप मागे घेतले गेले, पण मधला अख्खा हिवाळा त्या घरात शिकारीचं मांस नव्हतं आणि दुकानातलं परवडत नव्हतं. पैसे पाठवणाऱ्याला साधी नोटीससुद्धा आली नाही. तो माझ्या ऑफिसात येऊन रडला. मी त्याला दोष दिला नाही, पण त्या दिवसापासून मी हे प्रत्येकाला सांगते. साध्या वेशातले अधिकारी गिऱ्हाईक होऊन येतात, हेही शिकाऱ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे तुम्ही पाकीट काढलंत की तुमचा मित्र क्षणभर तरी तुमच्याकडे संशयाने बघेल, आणि ते साहजिकच आहे.

मग परत काय करायचं? याचं उत्तर आपल्या घरातच आहे. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे आपल्याला कोणी कायद्यातून शिकवलं नाही. पण इथे एक बारकावा पाळा. ‘दहा किलोला दोन डबे चिवडा’ असं ठरवून केलंत तर ती अदलाबदल झाली, आणि कायद्यात मोबदला म्हणजे फक्त रोख रक्कम नव्हे. ठरवू नका, मोजू नका, लगेच हातावर ठेवू नका. दिवाळीला फराळ न्या. त्याच्या आईच्या औषधांच्या वेळा समजावून सांगा, ते तुम्हाला चांगलं येतं. त्याच्या घरी कोणी गेलं तर जाऊन बसा, भांडी घासा. क्री लोक एकमेकांशी आणि प्राण्यांशीही नातं मानून चालतात, त्याला वाहकोहतोविन म्हणतात. त्या नात्यात आभार मानायचा शब्द आहे किनानास्कोमितिन. शिकून घ्या आणि म्हणा.

शिकारीला बरोबर जाण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. जा, जरूर जा. पण त्याचा हक्क तुम्हाला चिकटत नाही. मांस भेट मिळतं, हक्क भेट मिळत नाही. हक्क समाजाचा असतो, एकट्या माणसाचाही नव्हे. एका समाजाच्या माणसांनी दुसऱ्या तहाच्या भागात शिकार केली तर काय, असा प्रश्न ऑन्टारिओच्या अपील न्यायालयासमोर २००७ मध्ये शिपमन खटल्यात आला होता. तिथेही यजमान समाजाची परवानगी महत्त्वाची ठरली, एखाद्याची ओळख पुरेशी नव्हती. हे मूळ समाजातल्या माणसांबद्दल. तुमची-माझी तर बातच सोडा. म्हणून बंदूक धरायची नाही, भरून द्यायची नाही, प्राणी हाकायचा नाही, दिवा मारायचा नाही. मारल्यानंतर ओढायला, सोलायला हात लावता येतो का हेही आधी विचारून घ्या. त्याच फोनवर विचारा. स्वतः शिकार करायची असेल तर बंदुकीचा परवाना, शिकारीचं प्रशिक्षण, हंगामातलं लायसन्स हा रस्ता तुम्हाला मोकळा आहे, पण तेव्हा तुम्ही तुमच्या नियमांवर आणि तो त्याच्या, हे वेगळं ठेवा.

गेलात तर एक गोष्ट पाहायला मिळेल. मूस पडला की कितीतरी शिकारी आधी तंबाखूची चिमूट ठेवतात, आणि मूसच्या गळ्याखाली लोंबणारी झालर कापून झाडाच्या फांदीला बांधतात. तो प्राण्याचा मान आहे. तेव्हा मोबाइल खिशात ठेवा.

हॉटेलचं एका वाक्यात संपतं: नाही. विक्रीसाठी ठेवलेलं मांस तपासणी झालेलंच लागतं, आणि वर हे तहाच्या हक्काने मारलेलं, म्हणजे विक्रीला बंदीच. ‘ताट विकतोय, मांस फुकट देतोय’ ही पळवाट कोणी ऐकून घेणार नाही. मंडळाच्या सहलीत तिकीट लावलं असेल तर तिथेही नको. रुग्णालयांची गोष्ट निराळी आहे, आणि नर्स म्हणून तुम्हाला ती आवडेल. ऑन्टारिओत सू लुकआउटच्या मेनो या विन रुग्णालयात पारंपरिक अन्नाचा कार्यक्रम आहे, तिथे दान मिळालेलं शिकारीचं मांस रुग्णांना देतात. युकॉनमध्ये व्हाइटहॉर्सच्या रुग्णालयातही असं आहे. महिनोन्‌महिने घरापासून दूर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाने चार दिवस ताटाला हात न लावल्यावर मूसच्या साराचं भांडं रिकामं केलेलं मी स्वतः पाहिलं आहे. अशी सोय तुमच्याकडे व्हावी असं वाटत असेल तर आधी गावातल्या ज्येष्ठांना विचारून, मग प्रशासनाकडे जा.

शिजवण्याबद्दल चार गोष्टी. मूसच्या मांसात चरबी फार थोडी, त्यामुळे ते तव्यावर पटकन कोरडं पडतं. आपला कुकर त्यासाठी उत्तम. मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त, आणि वाटणात सुकं खोबरं सढळ. मूसचं काळीज (यकृत) आणि गुर्दे मात्र बेताने खा, त्यात कॅडमियम हा विषारी धातू साठतो आणि प्राणी म्हातारा असेल तितकं जास्त. गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस भरपूर कापून टाका, शिशाचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर विशेष काळजी घ्या. हरणांमधला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (प्राणी झिजून मरतो असा मेंदूचा रोग) सॅस्कॅचेवानमध्ये १९९६ मध्ये पाळीव एल्क या मोठ्या हरणांमध्ये आणि २००० मध्ये रानातल्या म्यूल हरणात सापडला. माणसाला तो झाल्याचं आढळलेलं नाही, पण लागण झालेल्या प्राण्याचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. दक्षिणेकडचं हरीण कोणी दिलं तर डोकं तपासणीला पाठवलं होतं का, हे मोकळेपणाने विचारा. त्यात अपमान नाही.

अस्वलाचं मांस कोणी दिलं तर जास्तच जपा. मे २०२२ मध्ये उत्तर सॅस्कॅचेवानमध्ये मारलेल्या एका काळ्या अस्वलाचं मांस ४५ दिवस गोठवून ठेवलं होतं. जुलैमध्ये साउथ डकोटातल्या एका कौटुंबिक जेवणात त्याचे कबाब केले, ते आतून कच्चे राहिले, आणि सहा जणांना ट्रिकिनेला या कृमीची लागण झाली. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. या कृमीच्या उत्तरेकडच्या जाती गोठवून मरत नाहीत. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान हाच उपाय, आणि रंगावरून अंदाज करायचा नाही, कारण ते मांस मुळातच काळसर असतं.

राहिला बायकोचा प्रश्न. तो दुखावणार नाही, पण कधी सांगता याला महत्त्व आहे. आत्ता घेतलेलं तुम्ही खा. संपवता आलं नाही तर टाकू नका. ‘एवढं आम्हाला जास्त होतंय, कोणाला देऊ?’ असं त्यालाच विचारा, आणि तो सांगेल त्यालाच द्या. परस्पर तिसऱ्याला देऊ नका, कारण तुमच्या चिठ्ठीवर तुमचं नाव आहे. आणि पुढच्या मोसमाआधी, पुडा बांधला जाण्याआधीच सांगा: ‘घरी ती मांस खात नाही, मी एकटा थोडंच खातो, दोन किलो पुरे.’ शाकाहार त्यांना समजत नाही असं नाही, कारण समजावून सांगितलं की समजतं. मला माहीत असलेल्या एका गुजराती घराने असंच सांगितलं होतं. तेव्हापासून दर ऑगस्टला त्यांच्या दारात ब्लूबेरीची बादली येते, आणि सप्टेंबरच्या शेवटी तळ्यातल्या रानतांदळाची पिशवी.